नऊ शतांश

बसमध्ये बसलेले सव्वीस होते, उभे नऊ. वर लोंबत्या कड्या चौदा, उभे खांब चार, म्हणजे धरायला जागा उभ्या माणसांच्या दुप्पट. ड्रायव्हरने ब्रेक दाबला तेव्हा उभ्या नवांपैकी आठ जण पुढे झुकले आणि परत जागेवर आले. नववा तो. त्याचा उजवा हात खांबाकडे गेला, बोटं मिटली, आणि मिटलेल्या मुठीत काहीच नव्हतं. खांब होता तिथेच होता. हात पोचला होता, पण तोवर अंग पुढे निघून गेलं होतं. तो एका बाईच्या मांडीवरल्या पिशवीवर जाऊन आदळला. "सावकाश, काका," ती म्हणाली, "लागलं नाही ना?" बाई त्याच्याच वयाची असेल, फार तर दोन वर्षांनी लहान. तो चौतीस वर्षांचा होता. "नाही, नाही," म्हणत तो सरळ झाला, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "पिशवीत अंडी नव्हती, नशीब!" बस हसली. तोही हसला. मग त्याने खांब दोन्ही हातांनी धरला आणि पुढचे सहा थांबे सोडला नाही.

उजव्या खुब्यात एक बारीक कळ होती. ती आजची नव्हती, पण आज तिने तोंड उघडलं होतं. खुर्चीतून उठताना, गादीवर कूस वळताना, पायरीवर पाय ठेवताना ती असायची, घरात कोणी लांबचं पाहुणं येऊन राहावं आणि कधी जाणार हे विचारायची कोणाला हिंमत होऊ नये तशी. हंगाम लांबला की सगळ्यांचंच काही ना काही दुखतं, असं तो स्वतःला सांगत आला होता. हॉकीचा वीस सामन्यांचा हंगाम. संघ ना पुरता व्यावसायिक, ना पुरता हौशी. सोळा जण, आणि सोळाही जण सकाळी कुठे ना कुठे कामाला जाणारे. बेकरीवाला, कुरियरच्या गोदामातला, वायरमन. पहिल्या बारा सामन्यांत ते दहा जिंकले होते. पुढल्या आठांत दोन जिंकले, एक बरोबरीत सुटला, पाच हरले. पहिल्या क्रमांकावरून घसरत ते चौथ्यावर आले आणि तिथे दातांनी फळी धरावी तसे लटकून राहिले. बाद फेरीत चारच संघ जातात. येत्या रविवारी पहिला सामना, समोर पहिल्या क्रमांकाचा संघ.

प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर बेचाळीस स्टॉपवॉच मांडून ठेवलेली होती. पोहण्याच्या तलावांची, शाळांची, दोन कारखान्यांची. ती घड्याळं खरी बोलतात की नाही हे बघणं हे त्याचं काम. प्रमाण घड्याळाच्या तारेला जोडायचं, सुरू करायचं, थांबवायचं, दहा वाचनं घ्यायची, सरासरी काढायची, आणि सरासरीपुढे अनिश्चितता लिहायची, म्हणजे आपण किती चुकलेलो असू शकतो ते. हा शेवटचा आकडा त्याला फार आवडायचा. आपण किती चुकलेलो असू शकतो हे लिहून त्याखाली सही करायची सोय जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल, असं त्याला वाटत नसे. आज मात्र पहिल्याच घड्याळावर त्याचा अंगठा ठेवलेला राहिला. आपला हात बसमध्ये किती उशिरा पोचला असेल? दहावा भाग सेकंदाचा? त्याहून कमी? आणि मग, नको असताना, गेल्या रविवारी आलेल्या चित्रफिती डोळ्यांपुढे आल्या. संघाच्या प्रशिक्षक सरांनी सगळ्यांच्या फोनवर पाठवलेल्या. एकोणचाळीस तुकडे, गेल्या आठ सामन्यांतले एकोणचाळीस पेनल्टी कॉर्नर. गोल तीन. त्याआधीच्या बारा सामन्यांत एक्कावन्न कॉर्नर होते आणि गोल अठरा.

कॉर्नर म्हणजे तीन हातांचं काम. एक जण गोलच्या रेषेवरून चेंडू जोरात पुश करतो, अठरा मीटरवर वर्तुळाबाहेर दुसरा तो जमिनीवर थांबवतो, आणि तिसरा तो ओढून गोलात फेकतो, म्हणजे फ्लिक करतो. समोरून, गोलच्या आतून, पुश सुटताक्षणी एक धावक जिवावर उदार होऊन तिसऱ्याच्या अंगावर येतो. जो आधी पोचेल तो जिंकतो, बाकी सगळी मग शोभा. या तिघांतला पुश करणारा तो. अकरा वर्षं. हल्ली तो मैदानावर उतरायचा तेच कॉर्नरपुरता. संघ चढाईवर गेला की आत, कॉर्नर झाला की बाहेर. संघात त्याला "पहिला" म्हणत, कारण चेंडूला पहिला हात त्याचा. थांबवणारा वायरमन, त्याच्या काठीखालून चेंडू हलत नाही म्हणून तो "खिळा". आणि फेकणारा तेवीस वर्षांचा, गोदामात सगळ्यात वरच्या फळीपर्यंत शिडीशिवाय हात पोचणारा, म्हणून "जिराफ".

चित्रफितींत जिराफ काठी ओढायला लागतो आणि चौकटीच्या डाव्या कडेला धावकाचा बूट दिसतो. पहिल्या बारा सामन्यांत तो बूट कधीच दिसायचा नाही. जिराफ फेकून मोकळा व्हायचा, मग धावक चौकटीत यायचा, लग्न लागल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. आता बूट आधी. एक पाऊल. धावक सेकंदाला सात मीटर पळतो असं धरलं तर दोन फुटांचं एक पाऊल म्हणजे नऊ शतांश सेकंद. हा हिशेब त्याने गेल्या रविवारी आंघोळ करताना केला होता आणि टॉवेलने अंग पुसावं तसा पुसून टाकला होता.

संघाची एक जुनी रीत होती. फार वर्षांपूर्वी हुकलेल्या एका कॉर्नरवरून भर मैदानात आपसात हमरीतुमरी झाली, दोघांना कार्ड मिळालं, आणि तेव्हाच्या कप्तानाने नियम घातला: कॉर्नर हुकला की ज्याचा चेंडूला शेवटचा हात लागला त्याने हात वर करायचा, म्हणायचं, "माझी." विषय संपला. पुढे कोणी चकार शब्द काढायचा नाही. रीत चांगलीच होती, तिच्यामुळे अकरा वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. फक्त शेवटचा हात बहुतेक वेळा जिराफचा असायचा. या आठ सामन्यांत जिराफने छत्तीस वेळा हात वर केला होता. पहिला हात ज्याचा, त्याच्यावर "माझी" म्हणायची पाळी अकरा वर्षांत कधीच आली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याची मूठ कोणी उघडायला सांगितलीच नव्हती.

मंगळवारी संध्याकाळच्या सरावाला टर्फवर पाणी मारलेलं होतं आणि सगळ्यांचे पाय जड होते. सुरुवात व्हायच्या आधी सगळे खोलीत बूट बांधत बसले होते. हरणाऱ्या संघाच्या खोलीला एक वास असतो, ओल्या मोज्यांचा आणि न बोललेल्या गोष्टींचा. सर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, आवाज अजून तीन वर्गांना पुरेल एवढा. ते फळीला टेकून म्हणाले, "हे बघा, आडवळण घेत नाही. रविवारी कॉर्नर खिळा घेईल. सरळ फटका. जिराफ बाहेर बसेल. गुरुवारी शेवटचं बघतो, पण मनाची तयारी ठेव रे बाबा."

जिराफने मान हलवली. एवढ्या उंच माणसाने मान हलवली की खोलीतल्या सगळ्यांना दिसतं.

"सर, फटका माझा गवत कापायच्या कामाचा," खिळा म्हणाला.

"मग गवत काप. निदान गोलाच्या दिशेनं काप."

कोणी हसलं, कोणी नाही. सरावात दहा कॉर्नर झाले, एक आत गेला. सातवा धावकाच्या गुडघ्यावर बसला आणि जिराफचा हात वर जायच्या आधी त्याने रेषेवरून आपला हात वर केला. "माझी," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा निघाला. खिळा खदखदून हसला. "वा! पहिल्याची काय चूक? तू तर चेंडू देऊन घरी जातोस!" बेकरीवाला म्हणाला, "पोराला सांभाळून घेतोय रे तो. मोठेपणा आहे." सरांनी लांबून अंगठा दाखवला. आणि जिराफ, जिराफने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याला काठी टाकून तिथून पळत सुटावंसं वाटलं. त्या नजरेत उपकार होते. खरं बोलायला गेला आणि उलट त्याच्या पदरात पुण्य पडलं. रीतीत त्याच्या चुकीला जागाच नव्हती. तिथे एकच शब्द होता आणि तो शेवटच्या हातासाठी राखून ठेवलेला होता.

नंतर पायऱ्यांवर बूट सोडताना जिराफ शेजारी येऊन बसला. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी पट्टी. "दादा, तुम्ही सांगितलं तसं पाऊल लवकर टाकतोय आता. खिळा चेंडू थांबवायच्या आधीच. पण मग खांदा उतरतो हो. रोज गोदामातून सुटल्यावर भिंतीपाशी साठ वेळा करतोय. बसेल ना?"

तुम्ही सांगितलं तसं. तीन आठवड्यांपूर्वी, याच पायऱ्यांवर, जिराफने विचारलं होतं, "दादा, तुम्ही रेषेवरून सगळं समोर बघता, माझं कुठं चुकतंय?" आणि त्याने, एक क्षणही न थांबता, म्हटलं होतं, "पाय उशिरा पडतोय तुझा." किती सहज आलं होतं ते तोंडात. जणू कोणी आत तयार करून ठेवलं होतं. त्या क्षणी तो स्वतःच्याच पायाबद्दल बोलत होता, हे त्याला बोलता बोलता कळलं होतं आणि तरी त्याने वाक्य पुरं केलं होतं. खाली वाकून, मागचा पाय लांब रोवून, चेंडू काठीच्या कुशीत घेऊन पुश करायचा असतो. गेले दोन महिने तो चार बोटं कमी वाकत होता. खुबा तेवढाच वाकू देत होता. आणि एक पोरगा रोज गोदामातून सुटल्यावर भिंतीपाशी साठ वेळा आपला धडधाकट पाय बिघडवून घेत होता.

"बसेल," तो म्हणाला.

घरी बायकोने त्याला पलंगाच्या कडेवर बसून मोजे काढताना पाहिलं. ती फिजिओथेरपिस्ट नव्हती, शाळेत गणित शिकवायची. पण नवऱ्याचं शरीर हाही तिचा अकरा वर्षांचा विषय होता. "मोजे बसून काढायला कधीपासून लागलास?"

"दमलोय."

"दमलेला माणूस उभ्याने काढून फेकतो. दुखणारा बसून काढतो." तिने मोजे उचलून टोपलीत टाकले. "डॉक्टरकडे चल म्हटलं की तुझा एकच जप, हंगाम संपू दे. हंगाम संपेल रे, तू संपलास म्हणजे?"

"बाबा कशाला संपतोय," आतून मनी म्हणाली. मनी नऊ वर्षांची. "बाबा अजून फास्टेस्ट आहे. रविवारी एक सतरा आला."

हेच ते. रविवारी सकाळी इमारतीमागच्या फरशीवर खडूच्या दोन रेघा, मधे अठरा मीटर, पलीकडच्या रेघेवर बुटांचं रिकामं खोकं. तो पुश करायचा, सुटताना त्याच्या तोंडून "हं" निघायचं, मनी "हं" ऐकून घड्याळ दाबायची आणि चेंडू खोक्यावर आदळला की परत दाबायची. एक सतरा, एक एकोणीस, एक सतरा. हंगामाच्या सुरुवातीला कॅमेऱ्याच्या चौकटी मोजून काढलेला आकडा एक अठरा होता, म्हणजे एक पूर्णांक अठरा शतांश सेकंद. म्हणजे काही बिघडलेलं नाही. तो मनीला उचलून घ्यायचा आणि कळ गिळून टाकायचा. पण "हं" ऐकून बोट दाबायला वेळ लागतो. चेंडू खोक्याकडे येताना मात्र डोळ्यांना दिसत असतो, तिथे बोट आधीच तयार असतं. सुरुवात उशिरा, शेवट वेळेवर, म्हणून हाताने मोजलेली वेळ नेहमी कमी भरते. हे त्याला माहीत नव्हतं का? प्रयोगशाळेच्या भिंतीवर नव्या लोकांसाठी लावलेल्या सूचनांत हे वाक्य चौथ्या क्रमांकावर होतं आणि ते त्याच्याच अक्षरात होतं. शहाण्या माणसाच्या चुकाही शहाण्या असतात, नेमक्या त्याच्या सोयीच्या बाजूला झुकलेल्या. शिवाय मोजणारी मनी. तिला बाबा जिंकायला हवा होता. बाबालाही.

रात्रभर त्याने काही ठरवलं असं नाही. सकाळी उठला तेव्हा ठरलेलं होतं, एवढंच. त्यात शौर्य वगैरे नव्हतं. जपून चालायचाच त्याला कंटाळा आला होता. पुश गेला की सोळांतली जागा गेली, कारण दुसऱ्या कशासाठी कोणी त्याला ठेवत नव्हतं, हे त्याला घड्याळाच्या काट्याइतकं स्पष्ट होतं. अकरा वर्षं रेषेवर एकाच जागी वाकलेला माणूस. ती जागा, रेषेजवळची, पाण्याने काळी झालेली, त्याला स्वतःच्या उशीसारखी ओळखीची होती.

बुधवारी तो प्रयोगशाळाप्रमुख बाईंच्या टेबलाशी गेला. "बाई, प्रकाशकिरणाचे दोन खांब उद्या संध्याकाळपुरते हवे होते."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय तपासायचंय?"

"एक उपकरण. जुनं आहे."

"किती जुनं?"

"चौतीस वर्षं."

बाईंनी अर्जाचा कागद पुढे सरकवला. "गॅरंटी संपलेली दिसते," त्या म्हणाल्या. "भर. आणि एक लक्षात ठेव, उपकरणाने स्वतःचं वाचन स्वतः घ्यायचं नाही. दुसरा माणूस हवा."

गुरुवारी टर्फवर त्याने एक खांब रेषेपाशी रोवला, दुसरा खिळ्याच्या काठीपुढे. चेंडू पहिला किरण तोडेल तेव्हा वेळ सुरू, दुसरा तोडेल तेव्हा बंद. मधे कोणाचं बोट नाही, कान नाही, माया नाही. खिळ्याला तारा-बटणं बघून बरं वाटलं. "तू वाच," तो खिळ्याला म्हणाला, "पण दहा होईपर्यंत मोठ्याने नको."

"हे काय खूळ काढलंस ऐन वेळेला?" सर म्हणाले.

"दहा मिनिटं द्या, सर."

त्याने दहा पुश केले. आपल्याला येतं तेवढं वाकून. सहाव्याला त्याने जिवाच्या आकांताने आणखी चार बोटं वाकायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. दहाव्यानंतर तो तिथेच एका गुडघ्यावर राहिला. खिळा कागदाकडे बघत होता आणि हसत नव्हता. त्याने कागद सरांना दिला.

"सरासरी एक सत्तावीस," सर वाचत म्हणाले. "मग?"

"पहिल्या बारा सामन्यांत एक अठरा होते. तुमच्याच कॅमेऱ्यातले." तो उठला, काठीचा आधार घेऊन. "नऊ शतांश. धावकाचं एक पाऊल. चित्रफितीत बूट दिसतो बघा डावीकडे, तो माझ्यामुळे. जिराफचा नाही त्यात दोष."

"अरे, मग बोलायचं नाही का?"

"मंगळवारी बोललो. तुम्ही अंगठा दाखवलात."

तो जिराफकडे वळला, कारण खरं सांगायचं ते अजून बाकीच होतं. "तुझा पाय वेळेवर पडत होता. मी तुला खोटं सांगितलं. तेव्हाही मला माहीत होतं."

त्याला वाटलं होतं की जिराफ म्हणेल, जाऊ द्या दादा. असल्या वेळी माणसं तसंच म्हणतात. जिराफ म्हणाला नाही. त्याने मनगटावरच्या पट्टीचं टोक दातांत धरून ओढलं आणि ती सोडवत राहिला, कोपरापर्यंत, सावकाश, एकेक वेढा. "रोज साठ," तो पट्टीकडे बघत म्हणाला. "एकवीस दिवस. बाराशे साठ वेळा पाय बदललाय मी, दादा." मग त्याने पट्टीचा गोळा केला आणि तो कुठे टाकावा ते न कळून हातातच धरून उभा राहिला.

सरांनी घसा साफ केला. "बेकरी! पुश येतो का तुला?"

"येतो की. रोज चाळीस किलो कणीक लोटतो, चेंडू काय चीज आहे? पण पहिला असताना मला कोण विचारतो?" बेकरीवाला म्हणाला, आणि म्हणाल्यावर त्याची जीभ चावली गेली. "म्हणजे... तसं नाही रे."

"तसंच आहे," तो म्हणाला. "ये. मागचा पाय इथे रोव, या काळ्या डागावर. नाही, अजून खाली वाक. अजून. हां. चेंडूकडे बघ, खिळ्याकडे नको. तो कुठे जात नाही."

मग तो यंत्रापाशी जाऊन बसला. खिळ्याला आता चेंडू थांबवायचा होता, तेव्हा वाचन घ्यायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं. मांडीवर अर्जाचा कागद, हातात पेन्सिल. गोलरक्षकाने मुखवटा खाली ओढला, धावक रेषेवर वाकला. जिराफ आपल्या जागेवर दोन वेळा मागेपुढे झाला, जुना पाय शोधत, अंधारात चप्पल शोधावी तसा. पहिल्या दोन वेळा त्याचं पाऊल लवकरच पडलं आणि चेंडू धावकाच्या काठीवर गेला. दोन्ही वेळा जिराफने हात वर केला, "माझी" म्हणाला, आणि कोणी काही बोललं नाही. तिसऱ्याला तो चेंडू थांबेपर्यंत थांबला. गोलाच्या आतल्या फळीचा आवाज आला. खुबा आता थंड होऊन जास्तच ठणकत होता आणि ओल्या टर्फचं पाणी पँटमधून आत येत होतं, पण उठायचं नव्हतं, सात बाकी होते. प्रत्येक वेळी त्याने आधी आकडा लिहिला, मग मान वर करून गोलाकडे पाहिलं. दहा झाल्यावर सरांनी लांबून विचारलं, "काय म्हणतंय तुझं यंत्र?" त्याने बेरीज दोनदा तपासली, भागाकार केला, आणि रकाने भरून कागद वाचला.

"पुश दहा. सरासरी एक पूर्णांक एकोणीस शतांश सेकंद, अनिश्चितता एक शतांश. फ्लिक दहा, गोल सहा."